चाखणारीची सही

आमच्या घरात मी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नाही. मान वगैरे काही नाही हो, तीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं केलेली थट्टा अंगवळणी पडली, एवढंच. ताटं वाढली की तो हात मांडीवर ठेवून म्हणायचा, "थांबा, आधी तपासणी." मग मी एक घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. मुलगी तर बोलायला लागायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे बघून तोंड उघडायला शिकली.

माझं कामच ते. तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं चाखणारी आहे. प्रत्येक लॉट बाहेर पडण्याआधी त्यातली थोडी पावडर कोमट पाण्यात ढवळून माझ्यासमोर येते. मी ती तोंडात घोळवते, थुंकते आणि कागदावर सही करते, मगच डब्यांवर तपासणीचा शिक्का बसतो. लॅब आहे, यंत्रं आहेत, सगळं आहे. पण बारा वर्षांपूर्वी सगळ्या यंत्रांनी पास केलेल्या एका लॉटला मी नाही म्हटलं होतं. नळ्या धुतलेलं पाणी कुठेतरी आत राहिलं होतं, आणि ते यंत्रांना नाही, माझ्या जिभेला कळलं. तेव्हापासून नियमच झाला. ताईंची सही नसेल तर गाडी फाटकाबाहेर जात नाही.

आणि पाच आठवड्यांपूर्वी मला ताप आला. चार दिवसांनी उतरला, पण उतरताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. गुपचूप एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, येईल परत, कदाचित महिन्यात, कदाचित वर्षात, कदाचित... आणि पुढचं न बोलता त्यांनी पेनाचं टोपण लावलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. पण खरं सांगू? प्रश्न नोकरीचा नव्हताच. जीभ सोडली तर माझ्यात विशेष असं काय होतं? दिसायला साधी, शिक्षण जेमतेम, स्वभाव तिरसट. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी मूठ झाकली. पाच आठवडे डोळ्यांनी चाखत राहिले. लॅबचा कागद आधी वाचायचा, दुधाचा रंग बघायचा, गुठळ्या बघायच्या, आणि डोळे मिटून दहा आकडे मोजून सही ठोकायची. रात्री झोप लागत नव्हती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

त्यात हे जेवण. मुलीला सातवा महिना लागला होता आणि तिची रजा सुरू झाली होती, म्हणून जावईबापूंनी रविवारी दुपारी आम्हा सगळ्यांना एका नव्या स्पॅनिश हॉटेलात नेलं. तिथे म्हणे टापास मिळतं. टापास म्हणजे छोट्या छोट्या ताटल्यांमधले पदार्थ. खूपसे मागवायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचे.

"आई, तुमच्यासाठीच शोधलं," जावई म्हणाला. "एका जेवणात दहा चवी. तुम्हाला मजा येईल!"

मी हसले.

हॉटेल म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. बाहेर मोठी लाल पाटी, आत भिंतीवर बैलाचं चित्र आणि प्लॅस्टिकची लिंबं. टेबल डुगडुगत होतं, म्हणून त्याच्या पायाखाली जुनं मेनूकार्ड दुमडून घातलेलं. गिटारचं एकच गाणं संपलं की पुन्हा तेच लागायचं. वेटरच्या कमरेला लाल पट्टा होता, तो सारखा सुटत होता आणि वेटर सारखा खोचत होता. बाराचे साडेबारा झाले, पाणीसुद्धा आलं नाही.

पहिली ताटली आली ती ऑलिव्हची. मोजून नऊ.

"चार माणसांना नऊ?" नवरा म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा, अजूनही प्रत्येक गोष्टीची वाटणी करून बघतो. "उरलेलं एक कुणी खायचं, ते नकाशात दाखवलंय का?"

मुलगी खुदकन हसली. मग तिघांनीही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघायला लागले. जावयालाही आता ती सवय लागली होती.

मी एक ऑलिव्ह तोंडात टाकलं. गुळगुळीत, गार, आत कठीण बी. बाकी काही नाही. पण बाटलीतले ऑलिव्ह खारट असतात हे मला माहीत होतं. "जरा जास्तच खारट," मी म्हणाले.

"हो ना!" जावई म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग बटाटे आले. लाल सॉसखाली पडलेल्या सहा फोडी, मऊ आणि मलूल. सॉस ओठांना झोंबला. तिखट झोंबतं ते चवीनं नाही, कातडीनं कळतं, हे मी या पाच आठवड्यांत शिकले होते. "तिखट आहे, पण बटाटा सकाळीच तळून ठेवलेला आहे," मी म्हणाले. फोड दाताखाली चामट लागली होती, त्यावरून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अंडं-बटाट्याचं जाड आम्लेट आलं, तेही मध्ये गारढोण. गार म्हणायला जीभ लागत नाही. "फ्रिजमधून काढून नुसता वरून शेक दिलाय," मी ठणकावून सांगितलं. जावयाचा चेहरा पडला. बिचाऱ्यानं किती हौसेनं आणलं होतं. मला मात्र जरा उभारी आली. वाटलं, निभावलं की. अजून दोन ताटल्या, मग कॉफी, मग घर.

मग कोळंबी आली.

काळ्या मातीच्या वाटीत, तेलात, लसणीच्या सोनेरी चकत्या आणि एक लाल मिरची. तेल अजून चरचरत होतं. दिसायला त्या टेबलावरची सगळ्यात देखणी गोष्ट तीच होती. जावई कोळंबी खात नाही, त्यानं वाटी मुलीपुढे सरकवली. तिला तीन छोट्या ताटल्यांनी काय होणार? दोन जिवांची भूक ती. पण ती खुर्चीत मागे सरली आणि नाकापाशी हात नेला.

"आई, याला कसला तरी वास येतोय का गं?"

सगळे थांबले. मी काट्यानं एक कोळंबी उचलली आणि डोळे मिटून तोंडात घातली. मऊ लागली. शिजलेली कोळंबी दाताला थोडी अडते, ही अडली नाही. दाताखाली जवळजवळ पिठासारखी झाली. ते मला कळलं होतं. हे मी स्वतःपासून लपवणार नाही, ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

पण आमच्या धंद्याची एक गोष्ट आहे. नुसतं 'वाईट' म्हणून चालत नाही. कसलं वाईट ते सांगावं लागतं. आंबट, जळकट, धातूचं, साठवणीचं, आणि कितपत. 'वास येतोय' म्हटलं असतं, तर नवऱ्यानं लगेच विचारलं असतं, "कसला?" त्याला माझी वर्णनं ऐकायला आवडतात. आणि माझ्याकडे वर्णन नव्हतं. 'चांगलं' या शब्दाला कुणी पुरावा मागत नाही.

"ताजी आहे," मी म्हणाले. "लसूण जरा जास्त झालाय. त्याचाच वास."

"असेल," मुलगी म्हणाली. "माझं नाक हल्ली वेडंच झालंय. परवा मला याच्या धुतलेल्या शर्टाचासुद्धा वास येत होता."

"तो धुतलेला नव्हता," जावयानं कबूल केलं, आणि ती हसता हसता कोळंबी खाऊ लागली.

एक. दोन. ब्रेडचा तुकडा तेलात बुडवून तो. नवऱ्यानंही एक घेतली. चावता चावता त्याचा जबडा थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, झटकन नजर वळवली, घास गिळला आणि वरून अख्खा ग्लास पाणी प्यायला. मग त्यानं काटा खाली ठेवला. हा माणूस लग्नाच्या पंगतीत उठायला सांगितल्याशिवाय उठत नाही, आणि त्यानं काटा खाली ठेवला!

तीन. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मनात म्हटलं, ही शेवटची घेईल. मनात म्हटलं, खराब असती तर तिला समजलं नसतं का? आणि मग लक्षात आलं की तिला समजलं होतं. मीच तिचा समज खोटा ठरवला होता. तरीही मी मूग गिळून बसले. चार.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई आणि तिचा मुलगा जेवत होते. त्यांचीही वाटी आली. बाईंनी ती उचलून नाकाखाली धरली आणि लगेच वेटरकडे ढकलली.

"अहो, हे नासलंय."

"मॅडम, आज सकाळीच आलंय," वेटर पट्टा खोचत म्हणाला.

"आज आलं असेल. मेलं कधी ते विचार."

मुलीनं वळून बघितलं. मग आमच्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "त्यांचं खराब निघालं वाटतं. बरं झालं आई, आपलं तू चाखलंस." आणि तिनं पाचव्या कोळंबीला काटा लावला.

मी तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात, की काटा उडून जमिनीवर पडला आणि गिटारच्या गाण्यातही त्याचा आवाज झाला.

"खाऊ नकोस. तोंडात असेल तर थुंक."

"काय झालं?"

"मला काही कळत नाही," मी म्हणाले. "चव नाही, वास नाही. काहीच नाही. ते चांगलं आहे की वाईट, मला माहीत नाही. मी नुसतंच म्हणाले."

जावई अर्धवट उठला होता, तो तसाच थांबला. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, लहानपणी बघायची तशी, आणि मला ते सहन होईना.

"कधीपासून?"

"तापापासून."

"पाच आठवडे?" तिचा आवाज चढला. "पाच आठवडे, आणि तू आम्हाला—" मग ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्हीही खाल्लीत ना? तुम्हाला काही कळलं नाही?"

नवरा टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा करत होता. "कळलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वाटलं, माझ्याच वाट्याला एखादी खराब आली असेल. आई म्हणाली ना ताजी आहे, तिच्यापुढे कसं बोलू?" मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आणि चवीचंही मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी मी भाजीत मिठाऐवजी साखर घातली होती. चुकून. तू म्हणालीस, मस्त झालीय. मी तशीच खाल्ली सगळी."

"आणि बोलला नाहीत?" मी विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबलो. तुला लाजवायचं कशाला?"

मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं आणि ती मातीची वाटी त्याच्या डोक्यात घालावीशीही वाटली. दोन्ही खरं.

"वा," मुलगी म्हणाली. प्रत्येक शब्द स्वच्छ आला. "तुम्ही दोघं एकमेकांना जपत बसलात. आणि खाल्लं मी."

तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

जावयानं तिच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्याचा आवाज इतका बदलला होता की मला आधी वाटलं दुसराच कुणी बोलतोय. त्या म्हणाल्या, घाबरू नका, पण घेऊन या. ताप, जुलाब, काहीही वाटलं तरी सांगा, आणि बाळ हलतंय ना याकडे लक्ष ठेवा. वेटर बिल घेऊन आला, तेव्हा जावयानं त्याच्याकडे असं बघितलं की तो पट्टा हातात धरूनच परत गेला.

गाडीत मी आणि मुलगी मागे बसलो. सिग्नलला गाडी थांबली की नवरा पुढून मान वळवून विचारायचा, "हललं का गं?" आणि ती म्हणायची, "अजून नाही." तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "बाबा, झोपलं असेल. विचारू नका." मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला नाही, पण बोटं वळवलीही नाहीत.

मग ती एकदम म्हणाली, "आई, कारखान्यात कोण चाखतंय?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"आई."

"मीच."

"पाच आठवडे?"

"हो."

"सगळ्या सह्या?"

"सगळ्या."

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं ती ओरडेल. तिनं माझी पर्स उचलली, आतून फोन काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बस, इतकंच.

आमचा गोदामप्रमुख रविवारीही पहिल्या घंटेला फोन उचलतो. माणूस सज्जन, अठरा वर्षांची ओळख. "बोला ताई! आज सुट्टीच्या दिवशी आठवण?"

"एकही गाडी बाहेर सोडू नकोस," मी म्हणाले. "आणि गेल्या पाच आठवड्यांत गेलेलं सगळं परत मागव."

तो हसला. "जेवण जास्त झालं का?"

"माझी चव गेलीय. तापानंतर. मी कागद बघून सह्या करत होते."

तो हसायचा थांबला. पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं. मग तो हळूहळू बोलायला लागला, जणू माझ्याशी नाही, स्वतःशी.

"ताई, मागच्या मंगळवारी लॅबमधल्या दोघी माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, या लॉटला वेगळाच वास येतोय, थांबवू या का? यंत्रावर काही दिसत नव्हतं." तो अडखळला. "मी त्यांना हाकलून दिलं. म्हटलं, ताईंनी चाखून पास केलाय. तुमचीच नाकं बिघडलीत."

"तो लॉट कुठाय?"

"बुधवारी गेला."

"कुठे?"

"दुकानात नाही आता, ताई. चार दिवस झाले. घरात गेला असणार."

तो पुढे बरंच काही बोलत होता. साहेबांना उठवतो, दुकानांना कळवतो, कारण काय लिहू विचारत होता. "माझं नाव लिही," मी म्हणाले. "लिही की चाखणारीला चव नव्हती." माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. शेजारी माझी मुलगी पोटावर हात ठेवून, श्वास धरून, एका हालचालीची वाट बघत होती. आणि मला दिसत होतं की कुठल्या तरी घरात एका आईनं आत्ता डबा उघडलाय. चमचा आत घालण्याआधी क्षणभर थबकलीय, वास घेतेय, कपाळाला आठी घालतेय. मग डब्यावरचा तपासणीचा शिक्का बघून स्वतःच्याच नाकाला नावं ठेवतेय, आणि बाटलीत पाणी ओततेय.